घरची साक्ष

शांतवन मास्तरांनी बायकोशी अबोला धरला त्याला त्या रविवारी तेवीस दिवस झाले होते, आणि नेमकं त्याच रविवारी चर्चमध्ये मंडळीचे नवे वडील म्हणून त्यांचं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं.

मंडळीचा वडील म्हणजे पाळकाचा, चर्चच्या धर्मगुरूचा, उजवा हात. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचं ताट घेऊन तो बाकांमधून फिरतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, मयतीला सगळ्यांच्या आधी पोचतो, आणि कुठल्या नवराबायकोचं बिनसलं तर दोघांना समोर बसवून त्यांची गाडी रुळावर आणतो. श्रीरामपुरातल्या त्या चर्चमध्ये असे पाच वडील होते. त्यांतले एक उन्हाळ्यात वारले, खुर्ची रिकामी झाली, आणि मास्तरांशिवाय दुसरं नाव कोणाच्या तोंडी आलंच नाही.

येणार तरी कुठून? करोनाच्या दुसऱ्या लाटेत पोटची पोरं बापाच्या पेटीला हात लावायला धजत नव्हती, तेव्हा साठीला आलेला हा शिक्षक तोंडाला फडकं बांधून दफनभूमीत उभा होता. सतरा माणसं त्यांनी मातीआड केली, आणि सतराही वेळा मेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. दारू नाही, तंबाखू नाही. शिव्या तर सोडाच, मास्तरांचा आवाज चढलेला कधी कोणी ऐकला नव्हता. त्यांचे जन्मदाते वडील ह्याच चर्चमध्ये घंटा वाजवायचे आणि बाक पुसायचे. जन्मभर ते मागच्या दाराशी बसले. मास्तरांना पुढच्या खुर्चीची आस होती यात काही वावगं नव्हतं. उलट, कोणाला असावी तर त्यांनाच.

रतनबाई बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली होती. नाव वाचल्याबरोबर पुढच्या बाकांवरच्या बाया वळून तिच्याकडे बघून हसल्या, तीही हसली. हसायला तिला आता आतून काही वाटावं लागत नसे. पलीकडे पुरुषांच्या बाजूला मास्तर मान खाली घालून बसले होते. घरी गेल्यावर त्यांचं अभिनंदन करायचं की नाही, आणि करायचं तर भिंतीकडे तोंड करून करायचं का, एवढाच विचार तिच्या मनात आला.

अबोल्याचं कारण ऐकलं तर कोणीही कपाळावर हात मारील. आरती पारखेच्या घरी शुक्रवारची प्रार्थना सभा होती. मास्तर चार शब्द बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता म्हणाले, "आमच्या घरात अडतीस वर्षांत संध्याकाळची प्रार्थना एक दिवसही चुकलेली नाही." रतनबाई दाराशी चहाचे कप लावत होती. ती आरतीला हळूच म्हणाली, "मोनिकाच्या जन्माच्या टायमाला चुकली हुती की चार दिवस. हे दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलेले." यात कुचकेपणा नव्हता. चार दिवस व्हरांड्यातून न हललेला तो तरुण नवरा तिला आजही आवडत होता, म्हणून ती बोलली. पण आरतीनं ते मोठ्यानं सांगितलं आणि सगळे हसले. मास्तरही हसले. आरतीच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

हे काही पहिलं कुलूप नव्हतं. कोथिंबिरीच्या जुडीवरून लागलं होतं, भाचीच्या लग्नात ती त्यांच्या आधी पंगतीला बसली म्हणून लागलं होतं. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. सगळ्यांत लांबलेला अबोला बावन्न दिवसांचा, आणि त्याचं कारण आता दोघांनाही आठवत नव्हतं.

आता एका छपराखाली राहायचं म्हटल्यावर अगदीच न बोलून भागत नाही. गॅस संपतो, नळाची वेळ बदलते, पाहुणे येतात. मोनिका लहान होती तोवर ती मधे पळायची. "आई, बाबा विचारतात चष्मा कुठंय." "बाबा, आई म्हणते तुमच्या कपाळावर." ती लग्न होऊन सावेडीला गेली आणि हे काम प्रभूकडे आलं. संध्याकाळी साडेसातला दोघं चटईवर बसत. मास्तर डोळे मिटून सुरुवात करत, "हे कृपाळू पित्या..." जगातल्या शांतीपासून तालुक्यातल्या पावसापर्यंत सगळं मागून झालं की आवाज जरा खाली येई. "आणि प्रभू, उद्या पाणी पहाटे येणार आहे, याची या घरातल्या एका बहिणीला आठवण दे." किंवा, "वरणात मीठ कमी पडतं आहे, तिला समज दे." रतनबाई म्हणे, "आमेन." पहाटे उठून पाणी भरी, वरणात मीठ टाकी. तिला उलट निरोप पाठवायची सोय नव्हती, कारण प्रार्थना घरच्या पुरुषानं चालवायची. आणि खरं म्हणजे ती थकली होती. थकलेल्या माणसाला भांडण्यापेक्षा मीठ टाकणं सोपं पडतं.

वडिलाचं नाव तीन रविवार वाचायचं, कोणाची हरकत असेल तर त्यानं उभं राहून सांगायचं, ही रीत. पण ह्या मंडळीत त्यापुढे आणखी एक रीत होती, जी आसपासच्या दुसऱ्या चर्चमध्ये नव्हती. तिसऱ्या रविवारी घरची साक्ष घ्यायची. जुने लोक सांगत की फार पूर्वी इथले एक वडील चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट धरायचे आणि घरी जाऊन बायकोच्या पाठीत काठी घालायचे. ते उघडकीला आल्यावर ठरलं, की ज्याला स्वतःचं घर नीट ठेवता येत नाही त्याच्या हाती मंडळी द्यायची नाही, आणि त्याचं घर कसं आहे ते घरातल्या माणसानंच सर्वांदेखत सांगायचं. तेव्हापासून प्रत्येक वडिलाची बायको उभी राहिली होती, "होय" म्हणाली होती आणि खाली बसली होती. शिंकेला लागतो तितकाच वेळ.

दुसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळक हर्षल उजागरे तिला पोर्चमध्ये भेटले. बत्तीस वर्षांचा तरुण माणूस, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला, अजून म्हाताऱ्यांसमोर जरा बिचकणारा.

"काकू, पुढच्या रविवारी तुमची साक्ष. काही अवघड नाही, मी प्रश्न विचारीन, तुम्ही होय म्हणायचं."

"आन् न्हाई म्हनलं तर?"

पाळक हसले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू थांबलं. "आजवर तसं कोणी म्हणालेलं नाही," ते म्हणाले. "पण प्रश्न खरा आहे, काकू. विचारायचा म्हणून विचारत नाही मी."

तिनं मान हलवली आणि चपला शोधायला लागली. ती "होय"च म्हणणार होती. त्यात ठरवण्यासारखं काही होतं असं तिला वाटतच नव्हतं. रात्री मोनिकाचा फोन आला तेव्हाही ती तेच बोलली.

"म्हणून टाक गं आई," मोनिका म्हणाली. "त्यांना हवंय ते मिळू दे. खूश झाले तर निदान बोलायला तरी लागतील."

"लागतील," रतनबाई म्हणाली. "मंडळीशी."

बुधवारी दुपारी मास्तर बँकेत गेलेले असताना निकिता आली. मंडळीतल्याच सम्राटची बायको, लग्नाला अजून वर्षही नव्हतं. मागच्या महिन्यात नेलेला स्टीलचा डबा परत द्यायचं निमित्त होतं, पण डबा खाली ठेवायच्या आतच तिचे डोळे भरून आले.

"काकू, आज नववा दिवस. सम्राट माझ्याशी बोलतच नाहीत."

"भांडलात व्हय?"

"तसं काहीच नाही. मी माहेरी एक दिवस जास्त राहिले. भांडले असते तर बरं झालं असतं हो. मी घरात आहे का नाही, तेच मला कळेना झालंय. काल मुद्दाम कप फोडला. तरी त्यांनी वर बघितलं नाही."

रतनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिनंही एक बशी फोडली होती. तुकडे तिनंच गोळा केले होते.

"नणंदेनं विचारलं त्यांना," निकिता नाक पुसत म्हणाली. "तर तिला म्हणाले, मास्तरांनीच सांगितलंय. हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, गप्प बसायचं, माणूस आपोआप सुधारतो. आमच्या घरी अडतीस वर्षं असंच चालतं, बघ किती सुखाचं घर आहे, असं म्हणाले म्हणे मास्तर. खरं का हो, काकू? तुम्हाला सवय झाली का?"

रतनबाईनं चहा टाकला. "झाली" म्हणावं तर ह्या पोरीपुढे अडतीस वर्षांचा रस्ता उघडून दिल्यासारखं होत होतं, आणि "नाही" हा शब्द तिनं आजवर स्वतःशीही उच्चारला नव्हता. तिनं चहात दुप्पट साखर घातली, तो पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "पी आधी."

निकिता गेल्यावर ती ओट्यापाशी कप विसळायला लागली. आजवर हे तिचं एकटीचं होतं. एखाद्याच्या घरात ओल असते, एखाद्याच्या घरात ढेकूण, तसं तिच्या घरात हे होतं, आणि ती ते निभावत होती. पण आता मास्तर वडील होणार, पुढच्या खुर्चीत बसणार, आणि ज्याचं ज्याचं बिनसेल तो तो त्यांच्याकडे येणार. मास्तर प्रत्येकाला हेच औषध देणार, अगदी मनापासून, कारण त्यांच्या मते ते लागू पडलेलं होतं. आणि ते लागू पडलंय, असं सर्वांसमोर सांगायला रविवारी रतनबाई उभी राहणार होती. तिला इतका शीण आला की ती तिथंच फरशीवर बसली.

शनिवारी संध्याकाळी चटई पडली. मास्तरांनी दाढी केली होती, उद्याचा सदरा इस्त्री करून दाराला टांगला होता. आवाजात उत्साह होता, बिचाऱ्यांना तो लपवता येत नव्हता. जगाची शांती झाली, कारखान्याकडे जाणाऱ्या ऊसतोडणीवाल्यांची सुरक्षितता झाली, आजाऱ्यांसाठी मागून झालं. मग आवाज खाली आला.

"आणि प्रभू, उद्या तुझ्या मंदिरात या घरातल्या एका बहिणीला उभं राहायचं आहे. तिच्या जिभेवर पहारा ठेव. थोडक्यात बोलायची बुद्धी तिला दे. तुझ्या पुत्राच्या नावानं मागतो."

आता "आमेन" यायचं. मास्तर डोळे मिटून थांबले. रतनबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या ध्यानात आलं की तो शब्द येत नाही. अडवावा म्हणून तिनं अडवला नव्हता. नळाला पाणी नसतं तसं झालं होतं. मास्तरांनी पुन्हा म्हटलं, "तुझ्या पुत्राच्या नावानं मागतो." कुकरची शिट्टी झाली. ती उठून आत गेली आणि गॅस बंद केला. परत आली तरी मास्तर तसेच बसलेले होते, प्रार्थना संपवता न आलेले. शेवटी त्यांनी स्वतःच पुटपुटल्यासारखं "आमेन" म्हटलं आणि चटई गुंडाळली.

रविवारी चर्च भरलं होतं. मास्तर इस्त्रीच्या सदऱ्यात पुढच्या बाकावर, चारही वडील आपापल्या खुर्च्यांवर, पाचवी खुर्ची मोकळी. पाळकांनी तिसऱ्यांदा नाव वाचलं. कोणाची हरकत आली नाही. मग त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं.

"रतनबाई शांतवन ओहोळ, ह्या भावानं आपलं घर प्रीतीनं आणि नीट चालवलं आहे, अशी साक्ष तुम्ही देवासमोर आणि मंडळीसमोर देता का?"

ती उभी राहिली. "होय" म्हणणं किती सोपं होतं. घरी जाऊन मटणाचा रस्सा करायचा, लोक येतील, दुपार हसण्याबोलण्यात जाईल. पलीकडे दोन बाकं सोडून निकिता बसली होती, डोळे सुजलेले, आणि ती रतनबाईच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"मला एका शब्दात सांगता यायचं न्हाई, पाळकसाहेब," रतनबाई म्हणाली. "हा मानूस वाईट न्हाई. ह्यांनी माज्यावर कदी हात उचलला न्हाई, शिवी दिली न्हाई. सतरा मयती केल्या तवा रोज अंगनात ह्यांच्या आंघोळीचं पानी मीच तापवून ठेवायची. ह्यांनी काय केलं ते मला ठावं हाय."

मास्तरांचे खांदे जरा सैल झाले.

"पन आज सदतीस दिवस झाले, हे माज्याशी एक शब्द बोललेले न्हाईत. आदी पन असंच. समदं धरलं तर सात-आठ वर्सं भरतील. काय सांगायचं आसलं तर प्रार्थनेत सांगत्यात. मीठ कमी हाय, पानी येनार हाय, समदं देवाच्या कानात."

पुरुषांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. रतनबाईनं तिकडे बघितलं नाही.

"हसा की. मी पन हसायचीच. माज्यापुरतं हुतं तवर मी चालवून घेतलं. आता हे दुसऱ्यांच्या घरात बी चाललंय, आन् तिथल्या पोरी लहान हायत. म्हनून मी होय म्हनत न्हाई."

तिचं बोलून झालं होतं, पण खाली बसायचं ती विसरली. सम्राट आपल्या पायांकडे बघत होता. पंखे फिरत होते. पाळकांनी हातातला कागद पुन्हा बघितला. अशा वेळी काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचं आहे?"

मास्तर उठले. सवयीनं त्यांचे हात जुळले, डोळे मिटले गेले. "हे कृपाळू पित्या, या घरातल्या एका..."

"मास्तर," पाळकांनी हाक मारली. आवाज मोठा नव्हता. "देवाशी नको. रतनकाकूंशी बोला."

मास्तरांनी डोळे उघडले. सगळ्या चर्चसमोर ते बायकोकडे वळले. इतक्या दिवसांत त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलंही नव्हतं.

"रतन," ते म्हणाले, "घरी जाऊन बोलू."

"घरी तुमी बोलत न्हाई," ती म्हणाली. "हितंच बोला."

सतरा कबरींवर ज्याला शब्द कमी पडले नाहीत तो माणूस तोंड उघडून मिटत होता. अखेर आवाज आला तो मास्तरांचा वाटलाच नाही.

"मला येत नाही. पहिल्या दिवशी राग असतो. दुसऱ्या दिवशी तो गेलेला असतो, पण मग सुरू कसं करायचं ते कळत नाही. रोज वाटतं, आज बोलावं. रोज संध्याकाळ होते. मग मी देवाला सांगतो, कारण तो अडवत नाही."

रतनबाईला आनंद झाला नाही. रागही आला नाही. अडतीस वर्षं तिला वाटत आलं होतं की हा माणूस तिला शिक्षा करतो आहे, आणि हा तर दाराच्या आत अडकून पडलेला होता. हे त्यानं कोथिंबिरीच्या वेळेलाच सांगितलं असतं तर तिचं आयुष्य वेगळं गेलं असतं. एवढी वर्षं वाया गेल्याचं दुःख तिला तिथं उभ्या उभ्या झालं, आणि मग ती खाली बसली.

"माझं नाव काढा, साहेब," मास्तर म्हणाले. पाळकांनी होकारार्थी मान हलवली आणि कागदाची घडी घातली. मास्तर पुढच्या बाकावर पुन्हा बसले नाहीत. गीत संपेपर्यंत ते भिंतीपाशी उभे राहिले.

उपासना सुटल्यावर लोक नेहमीपेक्षा लवकर पांगले. आरती आली, रतनबाईचा हात दाबून गेली. मास्तर पोर्चच्या पायऱ्या उतरून खाली जाऊन थांबले होते. रतनबाई कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, आडवी होऊन उतरत होती. ते बघत राहिले. मग दोन पायऱ्या चढून त्यांनी हात पुढे केला.

"रतन," ते अडखळत म्हणाले, "तुला उतरायला त्रास होतो का?"

तिनं त्यांचा हात धरला, कारण कोणाचा तरी धरावाच लागणार होता.

"व्हय," ती म्हणाली. "बारा वर्सं झाली."